इंधनाच्या वडीला तडा जातो तेव्हां

कांचेच्या पेल्यांत उकळता चहा ओततांच पेला तडकल्याचा अनुभव पुष्कळांच्या घरीं आलेला असेल. आंतली बाजू तापून फुगूं पाहते, बाहेरची थंडच राहते. ती ताणली जाते, आणि ताण सोसण्याची शक्ति कांचेंत अल्प असल्यानें पेला उकलतो. अणुविद्युत्केंद्राच्या इंधनाचेंही असेंच होतें, आणि तेथें तें टाळतां येत नाहीं.

बहुतेक अणुभट्ट्यांत, आपल्या तारापूरलाही, युरेनियम डाय-ऑक्साइडच्या सुमारें एक सेंटिमीटर व्यासाच्या वड्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत एकापुढें एक रचलेल्या असतात. हा पदार्थ चिनी मातीच्या जातीचा. वितळण्यास २८०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते, परंतु उष्णतेचा वाहक मात्र मंद. त्यामुळें वडीच्या गाभ्यांत हजार अंशांहून अधिक, तर काठाशीं चार-पांचशें, एवढा फरक अवघ्या अर्ध्या सेंटिमीटरांत पडतो. भट्टी प्रथम तापूं लागली कीं, पूर्ण शक्तीवर येण्याच्या कितीतरी आधींच, काठाकडून गाभ्याकडे तडे धांवतात.

फुटली तर फुटली, बिघडलें काय? एका परीनें कांहींच नाहीं. तुकडे बाहेर सरकतात, नळीशीं असलेली फट अरुंद होते, आणि उष्णता सुलभतेनें बाहेर पडते. परंतु पुढें तेच तुकडे नळीवर दाब देतात. तड्याच्या तोंडाशीं हा ताण एकवटतो, त्यांत अणुविभाजनांतून निघालेलें आयोडीन धातूला तेथेंच कुरतडूं लागतें, आणि नळीला भेग पडून किरणोत्सर्गी वायु पाण्यांत सुटूं शकतात. म्हणून तडा कोठें व किती रुंद, या प्रश्नाला महत्त्व आहे.

चालू भट्टींत डोकावतां येत नाहीं. तेव्हां हें काम संगणकाकडे येतें. अमेरिकेंतील आयडाहो राष्ट्रीय प्रयोगशाळेची ‘बायसन’ ही गणनाप्रणाली वडीचे असंख्य सूक्ष्म भाग कल्पून प्रत्येकाचें तपमान व ताण काढते. काटकसरीच्या पद्धतींत तडा रेखाटीतच नाहींत. त्या भागाची त्या दिशेची ताकद तेवढी कमी धरतात. सिलिंग यांनीं २००० सालीं मांडलेल्या पद्धतींत पदार्थ म्हणजे परस्परांना ओढून धरणाऱ्या कणांचा समूह. बंध फार ताणला कीं तुटतो, आणि तडा आपोआप उमटतो. येथें एक मौज आहे. सर्व भागांना सारखीच ताकद दिली तर सर्वांगीं सारखी असलेली वडी नेमकी कोठें फुटावी, हें गणिताला ठरवितां येत नाहीं! म्हणून ताकदींत मुद्दाम थोडाथोडा यादृच्छिक फरक घालावा लागतो.

आणि उत्तर खरें कशावरून? नॉर्वेंतील हाल्डेन येथील भट्टींत अनेक दशकें वड्यांच्या गाभ्यांत तपमापक बसवून प्रत्यक्ष नोंदी घेतल्या गेल्या. गणितें त्यांवर घासून पाहतात. ती भट्टी २०१८ मध्यें कायमची बंद झाली. नव्या जातीच्या इंधनांना तशी कसोटी आतां अन्यत्र शोधावी लागते.