लंकेत राहताना : नव्याने जाणाऱ्यांसाठी चार शब्द

आपल्या शाळेचे विद्यार्थी आता पालीच्या अभ्यासासाठी, नोकरीनिमित्त वा यात्रेसाठी श्रीलंकेस जाऊ लागले आहेत. आम्ही तिघे माजी विद्यार्थी अभ्यासासाठी तेथे राहिलो. पुढे जाणाऱ्यांना वाट सोपी व्हावी, पालकांची काळजी थोडी हलकी व्हावी, या हेतूने हे लेखन.

प्रथम हवामान. हे बेट ६५,६१० चौरस किलोमीटरचे, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे एकपंचमांश. तरीही तेथे पाऊस दोन दिशांनी येतो. मे ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारे कोलंबो, गाले आणि डोंगरांचा पश्चिम उतार भिजवतात. डोंगरांपलीकडील अनुराधपूर तेव्हा कोरडे असते. तिकडचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो. प्रवास याच हिशेबाने आखावा. विषुववृत्त जवळ असल्याने थंडी अशी नाहीच. आईने आग्रहाने दिलेले स्वेटर आम्ही सुमारे १,९०० मीटर उंचीवरील नुवर एलियलाच काय ते वापरले.

भाषेचे भय बाळगू नये. सिंहली ही आपल्या मराठीप्रमाणे आर्यभाषाकुळातील आहे. आपला ‘सात’ तेथे ‘हत’, ‘आठ’ तेथे ‘अट’, ‘दहा’ तेथे ‘दहय’. भेटताच ‘आयुबोवन’ म्हणावे. दीर्घायुष्याची ती सदिच्छा आहे. उत्तरेत व पूर्वेत मात्र तमिळ बोलली जाते. तेथे ‘वणक्कम’ म्हणावे. एवढ्या एका शब्दाने समोरच्या चेहऱ्यावर काय उमटते, ते आम्ही पाहिले आहे.

भात आणि नारळ हा रोजच्या जेवणाचा पाया. खोबऱ्याच्या ‘पोल सांबोल’मध्ये बहुधा सुकी मासळी असते, म्हणून शाकाहारी मंडळींनी विचारून घ्यावे. दर पौर्णिमेला, म्हणजे ‘पोय’ दिवशी, सार्वजनिक सुट्टी असते. मद्य व मांसाची दुकाने बंद राहतात. वैशाखी पौर्णिमेला ठिकठिकाणी ‘दन्सल’ उभारतात आणि वाटसरूंना थांबवून जेवू घालतात. आम्हांला नागपूरच्या दीक्षाभूमीवरील भोजनदान आठवले आणि परकेपणा त्या दिवशी बराच ओसरला.

विहारांत खांदे व गुडघे झाकणारी, शक्यतो पांढरी वस्त्रे घालावीत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. अनवाणी चालावे लागते आणि दुपारी दगड तापतो. म्हणून पहाटे निघावे.

अनुराधपुरात संघमित्रा थेरींनी इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आणलेल्या बोधिवृक्षाच्या शाखेचे दर्शन घडते. जवळच मिहिंतलेच्या टेकडीवर महिंद थेर आणि देवानंपियतिस्स राजा यांची भेट झाली, अशी परंपरा आहे. सिगिरियाच्या खडकावरील पाचव्या शतकातील चित्रे पाहताना अजिंठा आठवतो. परंतु आमच्यातील मराठवाड्याचा मित्र सर्वांत जास्त वेळ रेंगाळला तो प्राचीन तलावांपाशी. बांधाच्या पोटात दगडी हौद बांधून पाण्याचा दाब शमवायचा आणि मग ते कालव्यात सोडायचे, ही ‘बिसोकोटुव’ची योजना होय. कोरड्या प्रदेशातील ते स्तूप या पाण्यावर पिकलेल्या भाताच्या बळावर उभे राहिले.

आता एक अवघड गोष्ट. जातिविरहित बौद्ध देश पाहण्याच्या ओढीने आम्ही गेलो होतो. वर्तमानपत्रातील विवाहविषयक जाहिरातींत जातीचा उल्लेख वाचला आणि मन खट्टू झाले. पुढे इतिहास कळला. अठराव्या शतकात कँडीच्या राजाश्रयाने उभ्या राहिलेल्या सियाम निकायाची उपसंपदा गोविगम या वरचढ जातीपुरती मर्यादित झाली. वगळले गेलेले काही जण समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातील अमरपुरास गेले, तेथे उपसंपदा घेऊन १८०३ मध्ये परतले आणि त्यांतून अमरपुर निकाय उदयास आला. ज्या कँडीत १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित होते, तीच ही कँडी.

दुसरी जखम उत्तरेत पाहिली. जाफन्याचे ग्रंथालय १९८१ मध्ये जाळले गेले. सुमारे ९७ हजार ग्रंथ नष्ट झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी पेटलेले यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले. आज ती पांढरी वास्तू पुन्हा उभी आहे. पुस्तकांवर वाढलेल्या आम्हां वसतिगृहातील मुलांना तिच्या पायऱ्यांवर बोलायला शब्द सुचले नाहीत.

म्हणून पुढे जाणाऱ्यांना एवढेच सांगणे : अनुराधपुरास जा, तसे जाफन्यासही जा. लंकेवर आमचे प्रेम जडले ते हे सारे पाहिल्यानंतरच. धम्म कोणत्याही भूमीला वारसाहक्काने मिळत नाही. तेथील माणसांना तो रोज आचरावा लागतो. हे आपल्या शाळेत आम्ही ऐकले होते. त्याचा अर्थ लंकेत राहिल्यावर कळला.