व्हरमाँटचा चषक आणि शक्यतेचा हिशेब

डिसेंबर २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या नातवाचा अमेरिकेहून दूरध्वनी आला. हा माझ्या मुलीचा मुलगा तेथील व्हरमाँट विद्यापीठात शिकतो. त्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ राष्ट्रीय स्पर्धेतील अखेरच्या चार संघांत दाखल झाला होता. उरलेले सामने दूर दक्षिणेस, नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॅरी येथे व्हायचे होते. मित्रमंडळी मोटारीने हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून निघणार होती. "आजोबा, तुमचा जन्म जोखीम मोजण्यात गेला. आमचा संघ जिंकण्याची शक्यता किती, ते तुम्हीच सांगा. त्यावर मी जायचे की नाही ते ठरवतो," असे तो म्हणाला.

प्रश्न माझ्या आवडीचा होता. नोकरीनिमित्त काही वर्षे कोल्हापुरात काढली, तेव्हा शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे सामने पाहण्याचा छंद जडला होता. शिवाय बँकेत कर्जप्रकरणे तपासण्यात उभी हयात गेली. त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि एखाद्या पेढीची पत पाहावी तशी या संघाची पाहणी सुरू केली.

प्रथम स्पर्धेची रीत सांगतो. अमेरिकेत आपल्या फुटबॉलला सॉकर म्हणतात. तेथील महाविद्यालयीन खेळांचा कारभार नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे एनसीएए, ही संस्था पाहते. पुरुषांची ही राष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासून चालू आहे. प्रथम श्रेणीतील ४८ संघांना प्रवेश मिळतो आणि सामने बाद पद्धतीने होतात. एकदा हरलेला संघ थेट घरी जातो. पहिल्या १६ संघांना मानांकन देऊन पहिल्या फेरीतून सूट मिळते. मानांकित संघाने पाच सामने जिंकले की चषक त्याचा. बिगरमानांकित संघाला मात्र सहा जिंकावे लागतात.

संघांची निवड करताना निवड समितीने वर्षानुवर्षे जो निर्देशांक वापरला, तो व्यापारी मंडळींना सहज पटावा असा आहे. संघाच्या स्वतःच्या जय-पराजयाला त्यात केवळ २५ टक्के महत्त्व असते. ज्यांच्याशी तो खेळला त्या संघांच्या कामगिरीला ५० टक्के, आणि ते संघ ज्यांच्याशी खेळले त्यांच्या कामगिरीला उरलेले २५ टक्के. म्हणजे पत तीन हिश्शांनी आपण कोणाशी व्यवहार करतो यावरून ठरते, एका हिश्शाने आपल्या नफ्यावरून. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवर मिळवलेल्या विजयांची रास या हिशेबात फारशी वजनदार ठरत नाही. व्हरमाँटचा संघ ज्या प्रादेशिक गटात खेळतो तो बड्या विद्यापीठांचा नव्हे. त्यामुळे मानांकनाच्या १६ नावांत त्याला जागा मिळाली नव्हती.

आता शक्यतेचे गणित पाहू. एखादा संघ इतका बलवान आहे की प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ७० टक्के आहे, असे धरा. सामान्य माणूस म्हणेल, हा तर विजेताच. परंतु पाच सामने सलग जिंकायचे, तर ७० टक्क्यांचे ७० टक्के, त्याचेही ७० टक्के असे पाच वेळा करावे लागते आणि हाती उरतात जेमतेम १७ टक्के. प्रत्येक सामन्यात ८० टक्के शक्यता असलेला असामान्य संघ घेतला, तरी चषकाची शक्यता ३३ टक्क्यांच्या वर जात नाही. याउलट प्रत्येक सामन्यात निम्मी-निम्मी संधी असलेल्या बिगरमानांकित संघाला सहा विजयांची शक्यता ६४ मध्ये एक. चक्रवाढीने ठेव वाढते हे आपण सारे जाणतो. जोखमीची चक्रवाढ तितक्याच वेगाने शक्यता खाऊन टाकते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

त्यातच फुटबॉल हा मोजक्या गोलांचा खेळ. बास्केटबॉलमध्ये गुणांचा पाऊस पडतो, म्हणून सरस संघाचे सरसपण शेवटी उघड होते. येथे दीड तासात एखाद-दुसरा गोल होतो आणि एका घसरलेल्या पायाने वर्षभराची मेहनत वाया जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षे हा चषक जिंकला. इतका दबदबा क्वचितच कोणाचा असेल. तरीही २०१६ मध्ये त्यांचे उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने जादा वेळेनंतरही ०-० असेच राहिले आणि दोन्हींचा निर्णय पेनल्टी किकवर लागला. अजिंक्य म्हणवणारा संघही किती अरुंद पुलावरून गेला, हे यावरून कळते.

नातवाने विचारले तेव्हा व्हरमाँटने चार सामने जिंकले होते. आयोनाला ५-० ने हरवून प्रारंभ झाला. पुढे हॉफस्ट्रा आणि सॅन दिएगो हे संघ गारद झाले, आणि उपांत्यपूर्व फेरीत दुसऱ्या मानांकित पिट्सबर्गवर २-० असा विजय मिळाला. उरले होते दोन सामने. उपांत्य फेरीत गाठ तिसऱ्या मानांकित डेन्व्हरशी. तेथून निभावले तर अंतिम सामना अग्रमानांकित ओहायो स्टेट किंवा तेराव्या मानांकित मार्शलशी. मार्शलने २०२१ च्या वसंतात झालेल्या स्पर्धेत इंडियानाला जादा वेळेत १-० ने नमवून चषक पूर्वीच जिंकलेला होता. मी दोन्ही सामन्यांत व्हरमाँटला ४० टक्के शक्यता दिली. गुणाकार आला १६ टक्के, म्हणजे सहांत एक. नातवाला सांगितले, "बाळा, सहांत एक शक्यतेसाठी एवढा प्रवास, मुक्कामाचा खर्च आणि थंडीतल्या रस्त्यांचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही." त्याने ऐकले. तो गेला नाही.

पुढे काय घडले, ते सर्वश्रुत आहे. १३ डिसेंबरला डेन्व्हरविरुद्धचा सामना १-१ असा बरोबरीत राहिला आणि व्हरमाँटने पेनल्टी शूटआऊटमध्ये ४-३ अशी बाजी मारली. त्याच दिवशी मार्शलने ओहायो स्टेटला १-० ने बाहेर काढले. १६ तारखेच्या रात्री अंतिम सामना झाला तेव्हा आपल्याकडे मंगळवारची सकाळ होती. ६७ व्या मिनिटाला तारिक पानहोल्झरने मार्शलला आघाडी मिळवून दिली. तेव्हा माझा हिशेब बरोबर ठरतो आहे, असे मनाशी म्हणालो. ८१ व्या मिनिटाला मार्सेल पॅपने बरोबरी साधली. जादा वेळेत, ९५ व्या मिनिटाला, मॅक्सिमिलियन किसेलने निर्णायक गोल केला आणि सामना तेथेच संपला. साडेसहा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या त्या चिमुकल्या राज्याच्या विद्यापीठाने फुटबॉलमधील आपला पहिला राष्ट्रीय चषक जिंकला.

मग माझा सल्ला चुकला का? या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. बँकेत आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. निर्णयाची पारख केवळ परिणामावरून करू नये. नियमाने नाकारलेले एखादे कर्जप्रकरण पुढे भरभराटीस येते, म्हणून नाकारणे चूक ठरत नाही. सहांत एक म्हणजे शून्य नव्हे. सहांत एकदा ते घडायचेच. तेव्हा गुणाकार चुकला नव्हता.

परंतु दोन नोंदी माझ्या कागदावर आल्या नव्हत्या.

पहिली नोंद सातत्याची. मी एका हंगामाची शक्यता काढली, पण संघाची वाटचाल पाहिली नाही. हाच व्हरमाँट संघ २०२२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला होता आणि सिराक्यूजकडून हरला होता. त्या वर्षी चषक सिराक्यूजनेच नेला. म्हणजे हा अचानक उगवलेला तारा नव्हता. शक्यता लहान असेल, तर दरवर्षी दारात उभे राहणे हाच तिच्यावर उपाय, हे इंडियाना विद्यापीठाकडून शिकावे. १९८७ पासून २०२४ पर्यंत त्यांनी एकाही वर्षी या स्पर्धेतील प्रवेश चुकवला नाही. नावावर आठ विजेतेपदे आहेत. पण २०१७, २०२० आणि २०२२ च्या स्पर्धांत अंतिम सामन्यात पराभवही आहेत. दुकान रोज वेळेवर उघडणाऱ्याचीच एखाद्या दिवशी मोठी विक्री होते. पूर्वपुण्याई मात्र कामी येत नाही. १९५९ ते १९७३ या काळात तब्बल दहा विजेतेपदे मिळवणाऱ्या सेंट लुईस विद्यापीठाला, ज्यांपैकी १९६७ चे विभागून मिळाले होते, त्यानंतरच्या पन्नास वर्षांत एकही चषक मिळालेला नाही.

दुसरी नोंद मूल्याची. मी शक्यता मोजली. पण जे मिळणार किंवा हुकणार होते, त्याचे मोल फक्त चषकाएवढे धरले. या खेळाडूंचा ताळेबंद पाहा. त्या हंगामापर्यंतच्या नियमानुसार पुरुषांच्या संपूर्ण संघासाठी पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती ९.९. ती पंचवीस-तीस मुलांत वाटली जाई. बहुतेकांच्या वाट्याला शुल्काचा एखादा अंशच येई. खेळण्याची वर्षे साधारण चार. त्यांतील फारच थोडे पुढे व्यावसायिक खेळाडू होतात. बाकीचे पदवी घेऊन नोकरी-धंद्याला लागतात. केवळ चषकाच्या शक्यतेवर हिशेब केला असता, तर यांपैकी एकानेही बूट चढवले नसते. त्यांनी चार वर्षे दिली ती एकमेकांबरोबर खेळण्यासाठी. तो संघही पुढे तसाच राहिला नाही. चषकानंतर लवकरच प्रशिक्षक रॉब डाऊ पेन स्टेट विद्यापीठात गेले. ती रात्र पुन्हा येणार नव्हती.

नातवाने तक्रार केली नाही. वसतिगृहात मित्राच्या संगणकावर सामना पाहिल्याचे त्याने सांगितले. मी म्हणालो, "माझ्यामुळे तुझे जाणे राहिले." तो म्हणाला, "आजोबा, जे गेले ते आम्ही जिंकणार म्हणून गेले नव्हते. डेन्व्हरशी हरलो असतो तरी ते जाऊन आलेलेच असते."

हे उत्तर मी टिपणवहीत लिहून ठेवले आहे. आपल्या घरांतील मुले परीक्षा, स्पर्धा, परदेशी प्रवेश असे काही हाती घेतात, तेव्हा आपण वडीलधारी मंडळी प्रथम विचारतो, मिळण्याची शक्यता किती? हा प्रश्न विचारावाच. भावनेच्या भरात भांडवल उधळणे मला कधी पटले नाही. मात्र त्याच्याच जोडीला दुसराही प्रश्न विचारावा, की न मिळाले तर हाती काय उरेल? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक असेल, तर पहिल्याचे उत्तर सहांत एक आले तरी मुलाला जाऊ द्यावे. पुढच्या हंगामात नातू जायचे म्हणाला, तर प्रवासखर्च मी देणार आहे, असे त्याला कळवून टाकले आहे.