खोक्यातली पिल्ले आणि त्यांना सांभाळणारे हात

पावसाळा तोंडावर आला की मांजरांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांच्या दारात खोकी दिसू लागतात. कधी बुटांचे, कधी मिक्सरचे खोके. आत जुन्या ओढणीत गुंडाळलेली तीन-चार पिल्ले, डोळेही न उघडलेली. ठेवून जाणाऱ्याला वाटते की आपण पुण्याचेच काम केले. प्रत्यक्षात त्या क्षणापासून कुणाची तरी झोप उडते. दोन आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते, मध्यरात्रीही आणि पहाटेही.

यातली बरीच पिल्ले मुळात पोरकी नसतात. मांजर पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हणतात. घरांचा आकडा सोडून द्या, पण ती जागा बदलते हे खरे. एक पिल्लू तोंडात धरून ती नव्या जागी जाते आणि बाकीची काही वेळ एकटी राहतात. नेमके तेव्हाच कुणीतरी कनवाळू माणूस त्यांना उचलून नेतो. पिल्ले गप्प, गुबगुबीत आणि उबदार असतील तर आई आसपासच आहे असे समजावे. लांब उभे राहून काही तास वाट पाहावी. सतत ओरडणारी, गार पडलेली, मळलेली पिल्ले असतील तरच हात लावावा.

आणि हात लावल्यावर पहिली गोष्ट दूध नव्हे, ऊब. जन्मतः पिल्लाचे वजन जेमतेम १०० ग्रॅम असते आणि पहिले काही आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाचे आतडे काम करत नाही. अशा वेळी पाजलेले दूध पोटात पडून राहते किंवा श्वासनलिकेत जाते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवावी, अंग उबदार होऊ द्यावे, मगच पाजायला घ्यावे. तेही तान्ह्या बाळासारखे उताणे धरून नव्हे, तर पोटावर ठेवून, आईला लुचताना असते तसे. गाई-म्हशीच्या दुधातली साखर या पिल्लांना नीट पचत नाही, जुलाब लागतात, आणि १०० ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. पशुवैद्यकाकडे किंवा प्राण्यांच्या दुकानात मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर मिळते, ती महाग असते. संस्थेला मदत करायची तर या पावडरीचा एक डबा नेऊन द्यावा. खेळणी आणि गळ्यातले पट्टे नंतर.

पाजून झाले की ओल्या कापसाने खालची जागा हलकेच पुसावी लागते. एरवी आई चाटते म्हणून पिल्लाला शी-शू होते, एवढ्या लहान वयात ते आपणहून जमत नाही. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करावे. दिवसाला साधारण १० ग्रॅम वाढ हवी. वजन थांबले तर पिल्लू कितीही खेळकर दिसले तरी पशुवैद्यकाला दाखवावे.

घरगुती उपचारांचा मोह मात्र आवरायला हवा. तापासाठी माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष ठरते, तुकडाही देऊ नये. फिनाईलने पुसलेल्या फरशीवर पिल्ले सोडू नयेत, त्यातील रसायने मांजराचे यकृत पचवू शकत नाही.

आता सांभाळणाऱ्यांच्या तब्येतीविषयी. ही मंडळी पिल्लांना दवाखान्यात नेतात आणि स्वतःच्या हातावरचे ओरखडे मात्र दाखवत नाहीत. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो हा समज चुकीचा आहे. मांजराच्या चाव्यातून आणि ओरखड्यातूनही तो होऊ शकतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ नसतोच. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना काहीही भरू नये. रक्त आले नसेल तरी ओरखडा असेल तर लस. रक्त आले असेल तर लशीबरोबर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही. सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत असते. जे रोजच भटकी मांजरे हाताळतात त्यांनी चावण्याची वाट न पाहता आधीच तीन डोस घेऊन ठेवावेत. पुढे कधी चावलेच तर मग दोन डोस पुरतात आणि प्रतिद्रव्य लागत नाही.

मांजराचे दात सुईसारखे. बाहेर बारीक ठिपका दिसतो, पण जंतू सांध्यापर्यंत पोहोचलेले असतात. चाव्यानंतर दिवसभरात हात सुजला, तर मधुमेह असणाऱ्यांनी एक रात्रही काढू नये. पिसवा असलेल्या पिल्लाच्या ओरखड्यानंतर एक-दोन आठवड्यांनी काखेत गाठ येऊ शकते. आपल्याकडे गाठ म्हटली की डॉक्टरांच्या मनात आधी क्षयरोग येतो, आणि ते योग्यच आहे. म्हणून घरात पिल्ले आहेत हे रुग्णाने आपणहून सांगावे.

सुनेला दिवस गेल्याचे कळताच घरातले मांजर बाहेर काढण्याची पद्धत मात्र अनावश्यक आहे. भीती असते टॉक्सोप्लाझ्माची. पण मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडलेला हा परजीवी संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो. मातीचे भांडे घरातल्या दुसऱ्या कुणी रोज साफ केले की तो धोका फारसा उरत नाही. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेल्या भाज्या यांकडे अधिक लक्ष हवे. मांजराला उपाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे.

खोक्यांची ही रांग दूधपावडरीने संपणार नाही. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. नऊ आठवड्यांत विते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. त्यामुळे सोसायटीतल्या एका मांजरीच्या निर्बीजीकरणाचा खर्च चार घरांनी मिळून उचलला, तर संस्थेला त्याहून मोठी देणगी नाही. पकडण्यासाठी पिंजरा, नेण्यासाठी रिक्षा आणि शस्त्रक्रियेनंतर काही दिवस एखादी रिकामी खोली किंवा बंद गॅलरी एवढे पुरते. पैसे देणे जमत नसेल तर जुने टॉवेल, रद्दी, किंवा दोन पिल्लांना महिनाभर घरी ठेवण्याची तयारी चालेल. भूल दिलेली असतानाच कानाचे टोक किंचित कापतात. असा कान असलेली मांजर दिसली, तर तिला पुन्हा पकडू नये.