गोधडीसाठी जुने शिवणयंत्र : किंमत ठरते टाक्यावर

जुन्या शिवणयंत्राची किंमत बहुतेक वेळा त्याचे नाव, वय आणि चकाकी पाहून सांगितली जाते. यंत्र गोधडीसाठी घ्यायचे असेल, तर हे तिन्ही निकष दुय्यम ठरतात. जुन्या सुती साड्यांचे चार-सहा थर सुईने भेदायचे, खालच्या शटलने नेमक्या क्षणी दोरा पकडायचा आणि दात्यांनी सगळे थर एकाच वेळी पुढे सरकवायचे, अशी ही तीन कामे आहेत. ती किती चोख होतात, यावरच यंत्राचे मोल ठरते.

ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने कशेळीच्या पुलाकडे जाताना खाडीकाठी बाळकुम लागते. पुलापलीकडे काल्हेर आणि पुढे यंत्रमागांची भिवंडी. कल्याणच्या बाजूला जीन्सच्या शिलाईसाठी ओळखले जाणारे उल्हासनगर. अशा पट्ट्यात विक्रीला निघणारी जुनी यंत्रे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात : घरातले काळे, ओतीव लोखंडी पायमशीन, त्यानंतरच्या काळातले झिगझॅग यंत्र, आणि कारखान्यातून निघालेले औद्योगिक यंत्र.

टाका कसा पडतो

साध्या यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एलियास होवे यांना अशा टाक्याच्या यंत्रासाठी 1846 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, तर आयझॅक सिंगर यांच्या यंत्राला 12 ऑगस्ट 1851 रोजी. सुई तळाशी पोहोचून जेमतेम दोन मिलिमीटर वर उचलली, की तिच्यामागे दोऱ्याचा छोटा फुगवटा तयार होतो. शटलचे टोक त्याच क्षणी त्या फुगवट्यात शिरते आणि वरचा दोरा खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवते. दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात आणि वरच्या दोऱ्याच्या ओढीने ही गुंतवण कापडाच्या मध्यावर जाऊन बसते.

जाड थरांतून जाताना सुई किंचित वाकते. फुगवटा थोडा जरी सरकला, तरी शटलचे टोक चुकते आणि टाका सुटतो. त्यामुळे पॉपलिनवर सुरेख चालणारे यंत्र गोधडीवर टाके सोडू शकते. सुईचा क्रमांक इथे महत्त्वाचा ठरतो. 16 नंबरची सुई 1 मिलिमीटर जाडीची असते आणि 18 नंबरची 1.1 मिलिमीटर. जाड सुई कमी वाकते आणि दोऱ्याला पुरेसे मोठे भोकही पाडते. बारीक सुई लावलेले यंत्र टाके सोडू लागले, म्हणून ते लगेच बाद ठरवू नये.

हाताने करायची तपासणी

तपासणीची सुरुवात दोरा न ओवता, उजवीकडचे चाक हाताने सावकाश फिरवून करावी. चाक पूर्ण फेरीत सारखेच जड जात असेल, तर बहुधा आत जुने तेल सुकून चिकट झालेले असते. यंत्रात खाद्यतेल घातले असेल, तर हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते हळूहळू चिकट होते. हलक्या खनिज तेलाचे तसे होत नाही. तेल चिकटलेले यंत्र रॉकेलने धुऊन मशीनचे तेल दिल्यावर पुष्कळदा मोकळे होते, त्यामुळे कमी किमतीत ते फायद्याचे ठरू शकते. चाक फेरीतल्या एकाच ठिकाणी अडत असेल, तर मात्र एखादा भाग वाकलेला किंवा घासत असण्याची शक्यता असते आणि दुरुस्तीचा खर्च वाढतो.

नंतर सुईचा दांडा बोटांनी मागे-पुढे आणि आडवा हलवून पाहावा. हाताला जाणवेल इतका खेळ असेल, तर दांड्याची बैठक झिजलेली आहे. शटल काढून त्याच्या टोकावर नख फिरवावे. टोक बोथट किंवा खरवडलेले असेल, तर तिथे दोरा तुटतो. सुईखालच्या दात्यांची टोके धारदार हवीत. खाली जाणे, मागे सरकणे, वर येणे आणि पुढे जाणे ही दात्यांची चार टप्प्यांची चाल अमेरिकन संशोधक ॲलन विल्सन यांची. तिचे पेटंट 1854 चे आहे. दाते गुळगुळीत झाले, की तळचा थर नीट सरकत नाही. दाते चांगले असतानाही कापड दाबून धरणाऱ्या फूटाखालचा वरचा थर मागे राहू शकतो आणि गोधडीला चुण्या पडतात. म्हणून फूटाचा दाब कमी-जास्त करणारा स्क्रू जागेवर आहे आणि फिरतो, हेही पाहावे.

खाडीकाठच्या दमट हवेत गंज हा वेगळा मुद्दा आहे. चाकावरचा वरवरचा गंज पुसला जातो. शटलच्या वाटेत खड्डे पाडलेला गंज जात नाही. मुंबई-ठाणे परिसरातल्या 26 जुलै 2005 सारख्या पुरात बुडालेले यंत्र ओळखायला लाकडी टेबल उपयोगी पडते. पायांजवळ फुगलेले प्लायवूड आणि फळीवरची आडवी डागाची रेघ दिसली, तर सांध्यांत गाळ आणि मोटारीत ओल शिरलेली असू शकते. ओतीव लोखंडाला तडा गेला असेल, तर यंत्र घेऊच नये.

खरी परीक्षा

निर्णायक चाचणी स्वतःच्या कापडावर होते. जितक्या थरांची गोधडी करायची, तितक्या थरांचा वीतभर तुकडा सोबत न्यावा. वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून लांब टाक्याने सरळ शिवावे, मग कडेच्या दुमडीवरून यंत्र न्यावे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके दिसले, तर वरचा ताण जास्त आहे; खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले, तर तो कमी आहे. स्क्रू फिरवून हे ठिपके नाहीसे झाले, तर दोष केवळ जुळणीचा होता. काही केल्या गेले नाहीत, तर ताण देणाऱ्या चकत्या किंवा बॉबिन केस खराब आहे.

प्रकारानुसार मोल

आपल्याकडची बहुतेक काळी घरगुती यंत्रे सिंगरच्या ‘क्लास 15’ रचनेवर बेतलेली आहेत. त्यांची सुई, बॉबिन, बॉबिन केस सहज मिळतात, म्हणून यातले काही गहाळ असले तरी मोल फारसे घटत नाही. होडीच्या आकाराचे लांबट शटल असलेल्या त्याहून जुन्या यंत्रांचे सुटे भाग शोधावे लागतात. पायमशीनचे जड चाक आपल्या गतीने सुईला जाड थरांतून पार नेते आणि वीजही लागत नाही. त्याची मर्यादा जागेची : सुई आणि खांब यांत जेमतेम साडेसहा-सात इंच अंतर असते आणि मोठ्या गोधडीची गुंडाळी त्यातून न्यावी लागते.

औद्योगिक यंत्रात हे अंतर दहा इंचांच्या आसपास असते आणि ताकदही भरपूर. पण ते जड असते, जागा व्यापते आणि जुनी क्लच मोटार शिलाई थांबली तरी फिरत राहून वीज खाते. झिगझॅग यंत्रांत आतले दातेरी चक्र धातूचे आहे की प्लास्टिकचे, हे झाकण उघडून पाहावे. प्लास्टिक वयोमानाने ठिसूळ होते आणि जाड थरांवर आधी तेच तुटते.

नुसत्या जुनेपणाला मोल नसते. सिंगरच्या यंत्रावरील क्रमांकावरून कारखाना आणि साल कळते, पण ही यंत्रे कोट्यवधींनी बनली. शतक ओलांडलेले यंत्रही दुर्मीळ असेलच असे नाही. 2009 मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगर यंत्रांत ‘लाल पारा’ असल्याची अफवा पसरली आणि त्यांच्या किमती अफाट वाढल्या. असा कोणताही पदार्थ असल्याचे सिद्ध झालेले नाही.

अखेर हिशेब सरळ आहे. मागितलेल्या किमतीत साफसफाई, पट्टा, सुटे भाग आणि लागल्यास मोटार यांचा खर्च मिळवावा आणि बेरीज त्याच कामाच्या नव्या यंत्राच्या किमतीशी ताडावी. ती बेरीज बरीच कमी असेल आणि चाचणीच्या तुकड्यावर एकही टाका सुटला नसेल, तर यंत्र गोधडीसाठी घेण्याजोगे आहे.