मुलाच्या ताब्याचा कज्जा आणि मानसशास्त्रज्ञाचे इमान
गिरगावातला असो वा लालबागेतला, संसार मोडकळीस आला म्हणजे मुलाच्या ताब्याचा दावा वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात रुजू होतो, आणि मानसशास्त्रज्ञाची नेमणूक झाल्याचे कळताच, मूल कोणाकडे जायचे हे आता हाच इसम ठरविणार, अशी उभय पक्षांची समजूत होते. वस्तुतः 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या 12 व्या कलमाने न्यायालयास तज्ज्ञाचे साहाय्य घेण्याची मुभा दिली आहे. निवाड्याचा अखत्यार न्यायाधीशाचाच.

जो फी भरतो त्याच्या बाजूने तज्ज्ञाने लिहावे, ही समजूत अधिक घातक. मुंबई उच्च न्यायालयाच्या 1941 साली प्रसिद्ध झालेल्या एका निवाड्यात, बापाचे नव्हे, आईचेही नव्हे, तर केवळ अज्ञान मुलाचे कल्याण सर्वोपरी, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे, आणि तज्ज्ञाचे इमानही त्याच कल्याणाशी जखडलेले असते. म्हणूनच ज्याने या कुटुंबातील कोणावर उपचार केले, त्याने मूल्यमापन पत्करू नये. आणि बापाची कैफियत अर्धा तास ऐकून, जिला कधी पाहिलेही नाही अशा आईच्या स्वभावाचा दाखला लिहून देणे, हा तर उघड अधर्म होय. (असे दाखले मागणारे पुष्कळ असतात, हे मात्र खरे.)

‘डॉक्टरांना सांगितले ते त्यांच्यापाशीच राहील’ हा भरवसाही येथे लागू पडत नाही. सांगितलेले न्यायालयापुढे जाईल, हे तज्ज्ञाने प्रारंभीच, आईबापांना आणि वयानुरूप मुलालाही, सोप्या मराठीत बजावले पाहिजे. आणि मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यास 2012 च्या कायद्याने ती पोलिसांस कळविणे त्याला बंधनकारकच आहे.

घर मोठे तो पक्ष बळकट, हा हिशेब चाळीत विशेष ऐकू येतो. दादरचा प्रशस्त फ्लॅट आणि परळची दहा बाय बाराची खोली यांची तुलना चौरस फुटांनी करणारा तज्ज्ञ आपल्या कामास चुकला. अभ्यासाचे दप्तर कोठे ठेवले जाते, शाळेतून कोण आणते, ताप आला तर रात्री उशाशी कोण बसते, आणि आई कामावर गेली असता शेजारच्या काकू जेवायला वाढतात की नाही, हे त्याने पाहावे, विचारावे, आणि दोन्ही घरी सारख्याच कसोटीने पाहावे.

चाचण्यांचेही तसेच. वि. वि. कामतांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी घडविली, ती बुद्धी मोजते. कोणाचे पालकत्व सरस, हे खात्रीने सांगणारी चाचणी कोठेही निघालेली नाही. मानसिक आजार म्हणजे ताबा गेलाच, हीदेखील भीती निराधार: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यान्वये केवळ आजाराच्या निदानाने कोणी वेडसर ठरत नाही, आणि मुलाच्या संगोपनावर त्या आजाराचा परिणाम काय, एवढेच तज्ज्ञाने तपासायचे.

राहिली मुलाची इच्छा. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याने समंजस वयाच्या मुलाची पसंती विचारात घेता येते. पण ‘आई हवी की बाबा?’ असा थेट सवाल टाकून मुलास पिंजऱ्यात उभे करणे वर्ज्य. सात वर्षांचा मुलगा ‘बाबा पोटगी चुकवतात’ असे म्हणाला, तर ते वाक्य त्याच्या मुखी कोणी घातले याचा शोध घेण्यासाठी तज्ज्ञाने त्याला पुन्हा बोलवावे, आणि या खेपेस त्याला दुसऱ्या पालकाने आणावे.