कळा पोटात, राखण तोंडाशी

सहाव्या-सातव्या महिन्यात कधी तरी पोट एकाएकी दगडासारखं घट्ट होतं. हात ठेवला तर गर्भपिशवीचा गोल आकार जाणवतो. थोड्याच वेळात ती पुन्हा सैल पडते. या 'खोट्या कळां'चं वर्णन इंग्लंडमधले डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये केलं आणि त्यांचंच नाव या कळांना मिळालं.

एवढा बळकट स्नायू महिनोन्‌महिने आवळतो, तरी बाळ आत राहतं कसं? निसर्गाने इथे दुहेरी बंदोबस्त केला आहे. स्नायूंच्या पेशी एकमेकींना विजेचे सूक्ष्म संदेश देतात, पण ते पोचवणारे मार्ग गरोदरपणात अगदी कमी असतात. त्यामुळे एका जागी उठलेली कळ साऱ्या पिशवीभर पसरत नाही. दिवस भरत आले की हे मार्ग झपाट्याने वाढतात आणि असंख्य पेशी एका तालात आवळू लागतात.

दुसरा बंदोबस्त गर्भाशयमुखाचा. ते पिशवीचाच खालचा भाग, पण त्याची घडण निराळी. त्यात स्नायू थोडा आणि चिवट कोलॅजन भरपूर. मधल्या महिन्यांत जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर लांबीचा हा भाग चिकट स्रावाचं बूच लावून मिटून असतो आणि वरचा भार पेलतो. तोच शेवटी मऊ, पातळ होत दहा सेंटिमीटर उघडतो!

काही जणींचं हे तोंड मात्र चौथ्या ते सहाव्या महिन्यातच, बहुधा कळांशिवाय, उघडू लागतं. गोव्यातल्या शिरोड्यात जन्मलेले, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी यावर उपाय शोधला. स्त्रीच्याच मांडीतल्या चिवट आवरणाची पट्टी काढून त्यांनी गर्भाशयमुखाभोवती बांधली. १९५५ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. 'शिरोडकर टाका' आजही जगभर घातला जातो. तो सहसा १२ ते १४ आठवड्यांत घालतात आणि ३६-३७ व्या आठवड्यात काढतात.

आता योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येते. २४ आठवड्यांच्या आत ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली, तर पूर्वीचा इतिहास पाहून प्रोजेस्टेरॉन द्यायचं की टाका घालायचा, हे डॉक्टर ठरवतात.

खोट्या कळा अनियमित असतात. कूस बदलली, पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं की बऱ्याचदा ओसरतात. पण ३७ आठवड्यांच्या आत त्या ठरावीक अंतराने येऊ लागल्या, ओटीपोटात दाब जाणवला, कंबर भरून आली, रक्त किंवा पाणी गेलं, तर लगेच दवाखाना गाठावा. आणि पूर्वी मधल्या महिन्यांत गर्भ गेला असेल, तर पहिल्याच तपासणीत तसं सांगावं. 'तेव्हा काही दुखलंच नव्हतं,' हेही आवर्जून सांगावं. डॉक्टरांना नेमका धागा सापडतो तो अनेकदा याच वाक्यात.