तपासणी थांबते त्या वयाचा मागोवा

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यभर करत राहण्याची नसते. एका वयानंतर ती थांबवतात. भारत सरकारच्या 2016 च्या आराखड्यात ही तपासणी 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी, दर पाच वर्षांनी एकदा, सांगितली आहे. इंग्लंडमध्ये तपासणीचं बोलावणं 64 व्या वर्षापर्यंतच येतं, अमेरिकेत साधारण 65 ला थांबायला सांगतात आणि ऑस्ट्रेलियात 74 पर्यंत शेवटची तपासणी होते. तपासणीच्या टेबलावर पुन्हा झोपावं लागणार नाही म्हणून बऱ्याच बायकांना हायसं वाटतं. काहींच्या मनात मात्र इथूनच धास्ती सुरू होते. इतकी वर्षं जपत आलो, मग आताच का सोडून दिलं? म्हातारपणात कर्करोग वाढतो म्हणतात, मग तपासणी बंद कशी? आपल्यावर खर्च करण्यात आता कोणाला अर्थ वाटत नाही का? ही धास्ती खुळी नाही. तिला उत्तर आहे, पण ते गेल्या ऐंशी वर्षांच्या इतिहासात विखुरलेलं आहे.

हैदराबादचं नल्लकुंटा हा प्रश्न समजून घ्यायला योग्य ठिकाण आहे. उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूची ही जुनी मध्यमवर्गीय वस्ती शहरात ओळखली जाते ती फीव्हर हॉस्पिटलमुळे. साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवण्यासाठी निजामाच्या काळात निघालेल्या या दवाखान्याला जुने लोक अजून ‘कोरंटी’ म्हणतात. शेजारच्या विद्यानगरात आंध्र महिला सभेचं दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचं रुग्णालय आहे. दुर्गाबाई आणि त्यांचे पती चिंतामणराव देशमुख उतारवयात याच शहरात राहिले. काचीगुडा आणि सुलतान बाजारकडे निजामाच्या काळापासून मराठी घरं आहेत आणि त्यांतली बरीचशी मराठवाड्यातून आलेली. अशा वस्तीत सत्तरीच्या दोन बायका एकाच गल्लीत राहतात, पण तपासणीच्या बाबतीत त्यांचा भूतकाळ एक नसतो. बँकेतून किंवा कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाईच्या फाइलीत पॅप टेस्टचे चार-पाच रिपोर्ट असतात, आणि अमेरिकेतली लेक फोनवर सांगते, ‘आई, पासष्टनंतर गरज नाही.’ तिच्या घरी स्वयंपाकाला येणाऱ्या बाईची ही तपासणी एकदाही झालेली नसते. वय दोघींचं सारखं असलं तरी ‘आता गरज नाही’ हे वाक्य पहिलीसाठी खरं आहे आणि दुसरीसाठी खोटं.

या तपासणीची सुरुवात झाली तेव्हा वयाची वरची मर्यादा कोणी घातलीच नव्हती. पेशींच्या नमुन्यात कर्करोग ओळखता येतो, हे आपलं निरीक्षण जॉर्ज पापानिकोलाऊ यांनी 1928 मध्ये मांडलं, पण कोणी फारसं मनावर घेतलं नाही. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा त्यांचा ग्रंथ 1943 मध्ये आला, तेव्हा त्यांच्या नावाची ही पॅप चाचणी रुळू लागली. पुढे अमेरिकेत दरवर्षी पॅप टेस्ट हा शिरस्ताच पडला. दरवर्षी ‘सगळं ठीक’ ऐकायची सवय लागली की तो शब्द न ऐकलेलं वर्ष धोक्याचं वाटू लागतं. आजच्या धास्तीचं मूळ काही अंशी त्या शिरस्त्यात आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीने 1980 मध्ये दरवर्षीऐवजी तीन वर्षांनी तपासणी पुरे असं सुचवलं. इंग्लंडने 1988 मध्ये पत्र पाठवून बोलावण्याची देशव्यापी पद्धत सुरू केली. 2003 मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने, आधी पुरेशा तपासण्या झालेल्या आणि जास्त धोका नसलेल्या स्त्रियांची तपासणी 65 नंतर करू नये, असं स्पष्ट म्हटलं. या वाक्यातली अट महत्त्वाची आहे. वय आणि आधीच्या तपासण्या हे दोन्ही एकत्र पाहूनच थांबायचं आहे. हा नियम तोंडातोंडी पसरला तेव्हा वयाचा आकडा राहिला आणि अट गळली.

थांबणं सुरक्षित का, याचं कारण 1983 नंतर उलगडलं. त्या वर्षी हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या गाठींत एचपीव्ही विषाणूचा 16 क्रमांकाचा आणि पुढच्या वर्षी 18 क्रमांकाचा प्रकार शोधला. 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा कर्करोग संसर्गातून होतो. संसर्ग बहुधा आपोआप जातो. जिथे तो टिकून राहतो तिथेही कर्करोग व्हायला साधारण दहा ते वीस वर्षं लागतात. म्हणून साठीच्या आसपास विषाणू सापडला नाही, तर पुढच्या बऱ्याच वर्षांची हमी त्या एका रिपोर्टात असते.

या हमीचा सर्वांत भक्कम पुरावा मराठी मुलखातून आला, आणि तोही एके काळी हैदराबाद संस्थानात असलेल्या जिल्ह्यातून. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेसोबत उस्मानाबाद जिल्ह्यात (आता धाराशिव) 1999 पासून मोठा अभ्यास केला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात अॅसिटिक अॅसिड लावून डोळ्यांनी पाहण्याची व्हीआयए तपासणी, आणि चौथ्यात नेहमीचे उपचार. रंगास्वामी शंकरनारायणन आणि बार्शीचे डॉ. भगवान नेने यांनी सहकाऱ्यांसह 2009 मध्ये निष्कर्ष छापले. एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात 64. धास्तावलेल्या बाईने लक्षात ठेवावा असा आकडा मात्र वेगळा आहे. एचपीव्ही नाही असा रिपोर्ट आलेल्या स्त्रियांमध्ये पुढच्या वर्षांत कर्करोगाचं प्रमाण वर्षाला लाखात 3.7 होतं. पॅप किंवा व्हीआयएचा रिपोर्ट चांगला आलेल्यांमध्ये ते साडेपंधरा-सोळा होतं. आयुष्यात एकदाच झालेली तपासणी इतका दिलासा देऊ शकते, हे जगाला परंडा-कळंबकडच्या शेतकरी बायकांनी दाखवलं.

त्याच बार्शीचं आणखी एक काम कमी आठवलं जातं. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या पाहणीत दिसलं की गावोगाव जाऊन लक्षणं नुसती समजावून सांगितली, तरी बायका आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. त्यात यंत्र नव्हतं की चाचणी नव्हती. तपासणी थांबल्यानंतरच्या आयुष्याला हाच धडा सर्वांत जास्त लागू पडतो. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून रक्त गेलं, मग ते एक डाग का असेना, घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाऊ लागलं किंवा ओटीपोटात न थांबणारं दुखणं लागलं, तर वय पंचाहत्तर असलं तरी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. तिथे केली जाते ती रोगनिदानाची तपासणी आणि तिला वयाची कसलीच अट नाही. ‘तपासणी बंद’ म्हणजे दवाखान्याचं दार बंद, असा समज करून घेऊन लाजेपोटी सहा महिने रक्त अंगावर काढणाऱ्या आजींना खरा धोका असतो.

थांबण्याने काय गमावतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंग्लंडमध्ये 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 50 ते 64 वयात नियमित तपासण्या होऊन सगळे रिपोर्ट चांगले आलेल्या स्त्रियांना 65 नंतरच्या वीस वर्षांत हा कर्करोग होण्याचा धोका दहा हजारांत 8 होता. त्या वयात तपासणीच न झालेल्यांत तो 49 होता. आठ म्हणजे शून्य नव्हे. पण तो कमी करण्यासाठी म्हातारपणी तपासण्या चालू ठेवल्या, तर त्यांची किंमतही मोजावी लागते. पाळी गेल्यावर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळे उपकरण घालताना दुखतं. पेशी सुकलेल्या असल्याने पॅपचा रिपोर्ट संशयास्पद येऊ शकतो. मग दुर्बिणीतून पाहणं, तुकडा काढणं आणि निकालाची वाट पाहत जागून काढलेल्या रात्री. कर्करोग जिथे सुरू होतो तो भाग या वयात आत सरकतो, त्यामुळे व्हीआयए तर उपयोगाचीच राहत नाही. आपल्या आराखड्याने 65 पर्यंत व्हीआयएच सांगावी, ही त्यातली ठळक उणीव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली आणि पन्नाशीनंतर लागोपाठ दोन रिपोर्ट चांगले आल्यावर थांबायला सांगितलं.

तरीही ज्यांचं मन स्वस्थ होत नाही, त्यांच्यासाठी पहिलं काम म्हणजे जुने रिपोर्ट एकत्र करणं. परदेशात काही ठिकाणी शेवटच्या तपासणीनंतर पत्र येतं. इथे डॉक्टरच्या तोंडचं एखादं वाक्य असतं आणि तेही घाईत. शेवटच्या तपासण्या कोणत्या, कधीच्या आणि कशा आल्या, हे कागदावर पाहून डॉक्टरांनी ‘थांबायला हरकत नाही, आणि ती या कारणाने’ असं समजावलं, की अर्धी धास्ती तिथेच उतरते. पूर्वी कधी पेशींत मोठा बदल सापडून उपचार झाले असतील, तर मात्र 65 चा नियम लागू नाही. अशा स्त्रियांनी उपचारानंतर किमान वीस-पंचवीस वर्षं तपासणी चालू ठेवायची असते, आणि त्यांची भीती हा योग्य इशारा असतो. रिपोर्ट चांगले असून पुन्हा पुन्हा तपासणी मागावीशी वाटते, तेव्हा नवा रिपोर्ट थोडे दिवसच पुरतो. आरोग्याच्या चिंतेचा हा स्वभावच आहे. दिलासा जितक्या वेळा मागावा तितका तो लवकर ओसरतो. अशा वेळी झोप, भूक आणि घरातलं बोलणं यांवर परिणाम होऊ लागला असेल, तर उपचार चिंतेवर करायचे असतात. पण हैदराबादेत ‘एर्रागड्डा’ या भागाचं नाव तिथल्या वेड्यांच्या इस्पितळाशी इतकं जोडलं गेलं आहे की म्हातारी माणसं मानसोपचाराचं नावही काढू देत नाहीत. त्यांना 2022 पासून चालू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर घरबसल्या, आपल्या भाषेत बोलता येतं.

पिशवी काढलेल्या बायकांची गोष्ट निराळी. तेलंगण आणि आंध्र ही देशात गर्भाशय काढण्याचं प्रमाण सर्वांत जास्त असलेल्या राज्यांपैकी, आणि मराठवाड्यात बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जाण्याचा प्रश्न 2019 मध्ये चव्हाट्यावर आला. कर्करोगाव्यतिरिक्त दुसऱ्या कारणाने तोंडासकट, म्हणजे गर्भाशयमुखासकट, पिशवी काढली असेल आणि आधी पेशींत मोठा दोष नसेल, तर ही तपासणी कोणत्याच वयात लागत नाही. पण काही शस्त्रक्रियांत तोंड मागे ठेवतात. डिस्चार्जचा कागद नसेल, तर साध्या आतल्या तपासणीत ते कळतं.

आता राहिली ती गल्लीतली दुसरी बाई. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी अवघ्या 1.9 टक्क्यांनी ही तपासणी कधीतरी करून घेतलेली आढळली. म्हणजे पासष्टी गाठणाऱ्या बहुसंख्य बायकांच्या बाबतीत थांबवण्यासारखं काही सुरूच झालेलं नसतं. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियात वयोमर्यादा ओलांडलेल्या पण तपासणी राहून गेलेल्या स्त्रीला ती मागून घेता येते. अमेरिकेतही अशांना तपासावं असंच सांगितलं आहे. तेलंगण सरकारने 8 मार्च 2023 रोजी ‘आरोग्य महिला’ केंद्रं सुरू केली. तिथे मंगळवारी फक्त स्त्रियांना तपासायचं ठरलं आणि गर्भाशयमुखाची तपासणी त्यात धरली गेली. पासष्ट ओलांडलेल्या आणि कधीच तपासणी न झालेल्या बाईसाठी एकदा एचपीव्ही चाचणी हा सर्वांत सोपा मार्ग आहे. तिचा नमुना बाईला स्वतःलाही घेता येतो, उपकरण घालावं लागत नाही. चाचणी चांगली आली तर तिलाही डॉक्टरांशी बोलून थांबायचं ठरवता येतं, आणि नाही आली तर उपचार वेळेत होतात.